दंडिता आणि वाचक : १८८१ चा विजयालक्ष्मी खटला, ‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि ठाणे–कल्याण परिसराचे वाचनविश्व

प्रस्तावना

देहदंडाची शिक्षा झालेल्या स्त्रीचे चरित्र हा जगभरच्या ऐतिहासिक कादंबरीचा एक आवडता विषय आहे. आइसलँडमध्ये १२ जानेवारी १८३० रोजी शिरच्छेद झालेल्या आग्नेस माग्नुसदोत्तिर या मोलकरणीवर हॅना केंट यांनी २०१३ साली लिहिलेली ‘बरिअल राइट्स’ ही कादंबरी अनेक देशांत वाचली गेली. अशा कृतींवर चर्चा सुरू झाली की वाचकांचे साधारणतः दोन पक्ष पडतात. एकाला तिची दया येते. दुसऱ्याला, कितीही झाले तरी रक्त सांडले होते, याचा विसर पडू नये असे वाटते. मराठी समाजात असाच वाद कादंबरीवरून नव्हे, तर प्रत्यक्ष खटल्यावरून १८८१ मध्ये झाला आणि त्यातून १८८२ साली ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध निर्माण झाला. दंडित स्त्रीविषयी वाचक कोणते प्रश्न विचारतो आणि कोणते विचारीत नाही, या दृष्टीने या वादाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ग्रंथालयांची जुनी परंपरा लाभलेला ठाणे–कल्याण हा परिसर येथे संदर्भक्षेत्र म्हणून घेतला आहे.

खटला आणि कायदा

विजयालक्ष्मी ही सुरत जिल्ह्यातील तरुण ब्राह्मण विधवा. वैधव्यात झालेल्या अपत्याची हत्या केल्याच्या आरोपावरून १८८१ मध्ये सुरतच्या सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयातील अपिलानंतर फाशीऐवजी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे तीही कमी होऊन पाच वर्षांवर आली. सुरत त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. त्यामुळे हा खटला एका गुजराती गावाचा न राहता संपूर्ण इलाख्याच्या चर्चेचा विषय झाला.

या शिक्षेमागील कायद्याची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध ठरविला होता. परंतु पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क जात असे आणि जातीतील बहिष्काराला कायद्याजवळ उत्तर नव्हते. १८६० ची भारतीय दंड संहिता १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३०२ व्या कलमान्वये खुनाला फाशी किंवा जन्मठेप होती. मृत अर्भकाची गुप्तपणे विल्हेवाट लावून जन्म लपविल्यास ३१८ व्या कलमाने कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. आई आणि नवजात अर्भक यांच्या संदर्भातील हत्येचा स्वतंत्र विचार करणारे कलम मात्र नव्हते. इंग्लंडमध्ये असा विचार १९२२ आणि १९३८ च्या कायद्यांनी केला. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तशी स्वतंत्र तरतूद नाही. एका बाजूला पुनर्विवाहाची कागदोपत्री मुभा आणि दुसऱ्या बाजूला खुनाचे कलम, या दोहोंमध्ये विधवेला उभे राहण्यास जागा नव्हती.

विजयालक्ष्मीचे प्रकरण एकाकी नव्हते. वीस वर्षांपूर्वी पुण्यात काशीबाई या तरुण ब्राह्मण विधवेवर असाच प्रसंग ओढवला होता. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, जन्मलेले मूल तिने मारून विहिरीत टाकले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेनंतर १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर ४ डिसेंबर १८८४ रोजी दिलेल्या अभिप्रायात जोतीरावांनी ही हकीकत नमूद केली असून तोपर्यंत पस्तीस विधवा या गृहाच्या आश्रयास आल्याचे म्हटले आहे. ज्या शास्त्र्यामुळे काशीबाईवर ही वेळ आली, तो मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हता. सुरतेच्या खटल्यातही शिक्षा एकट्या स्त्रीलाच झाली.

वृत्तपत्रांतून झालेले वाचन

विजयालक्ष्मीला बहुतेकांनी पाहिले नव्हते. तिच्याविषयी वाचले होते. सुधारकांनी तिची बाजू घेतली ती मुख्यतः विधवाविवाहाचे समर्थन म्हणून. सनातनी पक्षाने तिच्याकडे बोट दाखवून एकूण स्त्रीजातीच्या ढासळत्या नीतीची चर्चा आरंभिली. पुण्याच्या ‘पुणे वैभव’ या पत्राने या निमित्ताने स्त्रियांवर केलेली टीका हेच ताराबाईंच्या निबंधाचे निकटचे कारण ठरले. दोन्ही पक्षांच्या लेखनात एक साम्य आढळते. दोघांच्याही दृष्टीने विजयालक्ष्मी हे एक उदाहरण होते. तिच्यावरून काहीतरी सिद्ध करावयाचे होते. स्वतः तिचे म्हणणे काय, हा प्रश्न गौण राहिला.

ताराबाईंचे प्रत्युत्तर

ताराबाई शिंदे या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. शाळा–महाविद्यालयाचा किंवा ग्रंथालयाचा आधार नसलेल्या, पडदा पाळणाऱ्या मराठा घरातील ही स्त्री. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात तिच्या निबंधाच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या. किंमत नऊ आणे होती.

या निबंधाचे वैशिष्ट्य असे की तो दयेची याचना करीत नाही. स्त्रियांच्या अंगी दोषच नाहीत असा ताराबाईंचा दावा नाही. स्त्रीला चिकटविलेला साहस, कपट, चंचलपणा असा प्रत्येक दोष घेऊन तो पुरुषात अधिक प्रमाणात आढळतो की नाही, एवढेच त्या तपासतात. पत्नी निवर्तताच पुरुषाने दुसरे लग्न करावे आणि पती निवर्तताच स्त्रीने अंधाऱ्या कोपऱ्यात बसावे, हा नियम कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी केला, असा त्यांचा सवाल आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात जो नाही, त्याच्याकडे त्या वाचकाची नजर वळवितात.

आणखी एक बाब आजच्या वाचकांना विशेष वाटावी. ताराबाईंनी वृत्तपत्राबरोबरच तत्कालीन कथा–कादंबऱ्यांनाही साक्षीला बोलाविले आहे. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळी लोकप्रिय अद्भुतरम्य कादंबऱ्यांत पुरुष लेखकांनी स्त्री कशी रंगविली आहे, याचा त्या उपरोधिक समाचार घेतात. न्यायालयाचा निकाल, अग्रलेख आणि कादंबरी या तिन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकाच प्रकारच्या लेखनाचे नमुने आहेत: स्त्रीविषयी पुरुषांनी लिहिलेले आणि पुरुषांनीच वाचलेले. मराठीतील साहित्यसमीक्षेचा इतिहास लिहिताना वाचक म्हणून ताराबाईंची ही भूमिका सहसा विचारात घेतली जात नाही.

निबंधाचे स्वागत फारसे झाले नाही. स्वतःच्या वर्तुळातही झालेल्या टीकेचा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’ मध्ये समाचार घेतला आणि ताराबाईंची बाजू मांडली. त्यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही.

ठाणे–कल्याणचे वाचनविश्व

हा वाद ज्या वाचकवर्गात झाला त्याचे ठाणे व कल्याण हे एक प्रातिनिधिक क्षेत्र होते. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास आणि १ मे १८५४ रोजी कल्याणला आगगाडी पोहोचली. मुंबईचे वृत्तपत्र त्याच दिवशी वाचणे शक्य झाले. कल्याण येथील सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये स्थापन झाले. १८६६ पासून ठाण्यातून ‘अरुणोदय’ हे मराठी वृत्तपत्र निघू लागले. पुढे १ जून १८९३ रोजी वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. इंग्रजी वाचनालयांच्या काळात मराठी ग्रंथ जपण्याच्या हेतूने स्थापन झालेली ही संस्था म्हणजे वाचनाच्या इतिहासातील एक स्वतंत्र टप्पा होय.

तथापि या संस्थांचा आरंभीचा वाचकवर्ग प्रामुख्याने सुशिक्षित, नोकरदार आणि उच्चवर्णीय पुरुषांचा होता. ज्या विधवांविषयी वर्तमानपत्रांत लिहून येत होते, त्या वाचनालयाच्या पायरीवरही नव्हत्या. म्हणून या वादातील सर्वांत मूलगामी उत्तर वाचनालयांच्या वर्तुळातून न येता बुलढाण्याच्या एका घरातून यावे, यात नवल नाही. त्या उत्तराला पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय मात्र ग्रंथालयालाच जाते. ठाण्याच्या पाठोपाठ १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली १९७५ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रकाशित केली. मधल्या त्र्याण्णव वर्षांत हे पुस्तक विस्मृतीत गेले होते.

स्मृतीचा हा प्रश्न ठाण्यात अधिक तीव्रतेने जाणवतो. ठाण्याच्या किल्ल्याचे एकोणिसाव्या शतकात कारागृह झाले. तेथे १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आली. त्यांची नावे शहराने जपली आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दंड संहितेखाली बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा भोगलेल्या विधवांची नावे इलाख्यातील कोणत्याही शहराच्या स्मरणात नाहीत. विजयालक्ष्मीचे नाव उरले ते एका स्त्रीने तिच्या निमित्ताने पुस्तक लिहिले म्हणून.

आनंदीबाई : तुलनेसाठी एक चरित्र

कल्याण येथे ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे चरित्र येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. त्यांना कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिली नव्हती. समाजाचा रोष मात्र त्यांनी सोसला. १८८३ मध्ये परदेशी प्रयाण, ११ मार्च १८८६ रोजी वैद्यकीय पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी अकाली मृत्यू, एवढ्या अल्पावधीत त्यांची पुष्कळ पत्रे मागे राहिली. त्यामुळे १८८९ मध्ये काशीबाई कानिटकर यांना त्यांचे चरित्र लिहिता आले आणि १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांनी ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी लिहिली.

एकाच पिढीतील या दोन स्त्रियांपैकी एकीचे अक्षर शिल्लक आहे, दुसरीचे फक्त आरोपपत्र. ‘आनंदी गोपाळ’ वाचताना कादंबरीकाराने रंगविलेले गोपाळराव आणि आनंदीबाईंच्या पत्रांतील गोपाळराव यांची तुलना वाचकाला करता येते. विजयालक्ष्मीवर उद्या कादंबरी लिहिली गेल्यास अशी पडताळणी अशक्य होईल. तेथे कादंबरीकाराची कल्पना हाच तिचा एकमेव आवाज ठरेल. अशा वेळी कादंबरी किती हृदयद्रावक आहे यापेक्षा तिने मौनाची जागा कशाने भरली, हे पाहणे वाचकाचे कर्तव्य ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. दंडित स्त्रीविषयीचे करुणामय वाचन आणि निंदात्मक वाचन वरवर परस्परविरोधी असले तरी दोन्हींत तिच्याकडे उदाहरण म्हणून पाहिले जाते. १८८१ च्या वादात हे स्पष्ट दिसते.

२. ताराबाई शिंदे यांनी तिसरा मार्ग दाखविला. स्त्री दोषी की निर्दोष, एवढ्यावर न थांबता दोष ठरविणारे कोण आणि सुटून गेलेले कोण, हे त्यांनी विचारले. हा प्रश्न ऐतिहासिक कादंबरीच्या वाचनालाही तितकाच लागू पडतो.

३. वाचनालये विस्मृतीत गेलेला ग्रंथ परत आणू शकतात. परंतु ज्यांच्याविषयी वाचले जाते त्यांना वाचक म्हणून आत घेण्यास त्यांना विलंब लागला. आज ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील वाचनालयांत आणि महाविद्यालयांच्या वर्गांत स्त्रिया मोठ्या संख्येने वाचक आहेत, हा या इतिहासातील मूलभूत बदल होय.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने ‘स्त्रीपुरुषतुलना’ केवळ स्त्रीवादाचा आरंभग्रंथ म्हणून शिकविण्याऐवजी ‘आनंदी गोपाळ’ सारख्या कादंबरीशेजारी ठेवून वाचावयास दिल्यास विद्यार्थ्यांना कागदपत्र, निकाल आणि कल्पित यांतील अंतर तपासता येईल. पाच वर्षांच्या शिक्षेनंतर विजयालक्ष्मीचा मागमूस लागत नाही. तिच्यावर लिहिणाऱ्यांचे लेखन उपलब्ध आहे. त्या लेखनाची उलटतपासणी हेच आजच्या वाचकाच्या हाती असलेले काम आहे.