डोळ्यातील कृमी आणि डोळ्याबाहेरचा उपचार

‘आम्ही शाकाहारी, आम्हांस डुकराच्या कृमीचे काय भय?’ हा समज भोपाळमधील आपल्या जुन्या मराठी घरांतून अजूनही कानी येतो. नेत्रोपचाराचा इतिहास पाहता तो निराधार ठरतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांतील कृमिग्रंथी हा पापणीच्या सांध्यातील विकार. त्यावर शेक देऊन ग्रंथी फोडावी व त्रिफळा, मोरचूद, हिराकस आणि सैंधव यांचा लेप लावावा, असा उपचार आहे. परंतु नेत्रगोलाच्या आत पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते.

ते साधन १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या ऑप्थॅल्मोस्कोपने दिले. त्यानंतर बर्लिन येथे फॉन ग्रेफे यांना अनेक रुग्णांच्या डोळ्यांत जिवंत, हालणारी अळी दिसली. ती डुकराच्या पट्टकृमीची होती. त्यांनी डोळ्यास छेद देऊन ती काढण्याचे प्रयत्न केले. पुढे बर्लिनमध्ये मांसाची तपासणी सक्तीची झाली आणि हा विकार तेथे जवळपास नाहीसा झाल्याचे हिर्शबर्ग यांनी नोंदविले. जे शस्त्राला पुरते साधले नव्हते, ते नगरव्यवस्थेने साधले.

१९७० नंतर माखेमर यांच्या शस्त्रक्रियेमुळे डोळ्यातील काचेसारखा द्रव काढून अळीपर्यंत पोहोचणे शक्य झाले. प्राझिक्वांटेल व अल्बेंडाझोल ही औषधेही आली. तथापि नेत्रगोलात अळी मेली, तर उठणारा दाह दृष्टीच नष्ट करू शकतो. म्हणून तेथे शस्त्रक्रियाच श्रेयस्कर. आणि मेंदूतील अळीसाठी औषध देण्यापूर्वी डोळे तपासणे अगत्याचे.

आता मूळ शंकेकडे वळू. अर्धेकच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी मात्र विष्ठेवाटे बाहेर पडून अस्वच्छ हात, पाणी आणि सांडपाण्यावर वाढलेली कच्ची भाजी यांतून कोणाच्याही पोटात जातात. त्यांतून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूत वा डोळ्यात स्थिरावते. कोथिंबीर आणि मुळा शाकाहारी पंगतीतही असतातच!

यास व्यवस्थेने आळा घालता येतो, याचा दाखला आमच्या प्रदेशातच आहे. झाबुआ, धार या भागांत नारू नावाचा कृमी घरोघरी पीडा देत असे. त्यावर गुणकारी औषध नव्हते, लसही नव्हती. १९८० च्या दशकात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या गेल्या, हातपंप बसविले गेले, पाणी कापडातून गाळून पिण्याची सवय लावली गेली. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. शासकीय सेवेतील आमच्या पिढीने हे घडताना पाहिले.

डोळ्यातील पट्टकृमीविरुद्ध अशी मोहीम अद्याप पूर्णत्वास गेलेली नाही. तिचा आरंभ शौचालयातून, धुतलेल्या हातांतून आणि नीट धुतलेल्या भाजीतून व्हावयाचा आहे. शल्यविशारदाकडे जाण्याची वेळ येण्यापूर्वीचे हे काम आपले आहे.