१९७३चे तेल संकट

१९७३चे तेल संकट हे ऑक्टोबर १९७३ ते मार्च १९७४ या काळात अरब तेल निर्यातदार देशांनी केलेली उत्पादनकपात आणि निर्यातबंदी यांमुळे उद्भवलेले जागतिक आर्थिक संकट होय. या काळात खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. जागतिक पुरवठ्यात प्रत्यक्ष झालेली घट सुमारे ७ टक्के इतकीच होती. तरीही भाव एवढे वाढले, यावरून औद्योगिक समाजाचे तेलावरील अवलंबित्व किती खोलवर गेले आहे हे स्पष्ट झाले.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोप व जपान यांनी कोळशाऐवजी स्वस्त आयात तेलाचा वापर वाढवला. अमेरिकेत उपनगरांचा विस्तार, मोठ्या मोटारी आणि रुंद महामार्ग यांमुळे पेट्रोल ही दैनंदिन गरज बनली. अमेरिकेचे स्वतःचे तेल उत्पादन १९७० मध्ये उच्चांकाला पोहोचून घटू लागले व १९७३ पर्यंत गरजेच्या सुमारे एक तृतीयांश तेल आयात होऊ लागले. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले. त्यानंतर डॉलरचे मूल्य घसरले आणि डॉलरमध्ये किंमत घेणाऱ्या तेल उत्पादक देशांचे वास्तविक उत्पन्न कमी झाले. भाववाढीची त्यांची मागणी युद्धापूर्वीपासूनच चालू होती.

घटनाक्रम

६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त व सीरिया यांनी इस्रायलवर हल्ला केला. १६ ऑक्टोबर रोजी इराणच्या आखाताभोवतीच्या ओपेक सदस्य देशांनी तेलाचा घोषित भाव पिंपामागे ३.०१ डॉलरवरून ५.१२ डॉलर केला. (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर.) दुसऱ्या दिवशी अरब तेलमंत्र्यांनी कुवेत येथे दरमहा किमान ५ टक्के उत्पादनकपातीचा निर्णय घेतला. अमेरिकेने इस्रायलसाठी २.२ अब्ज डॉलरच्या मदतीचा प्रस्ताव मांडल्यावर सौदी अरेबियासह अरब देशांनी तिला होणारी निर्यात थांबवली. ही बंदी नेदरलँड्सलाही लागू करण्यात आली. डिसेंबरमधील तेहरान बैठकीत भाव ११.६५ डॉलर ठरला व तो १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. अमेरिकेवरील बंदी १८ मार्च १९७४ रोजी उठवण्यात आली. भाव मात्र पूर्वपदावर आले नाहीत.

भाववाढीची कारणमीमांसा

तेलाची मागणी अल्पकाळात फारशी लवचिक नसते. भाव वाढला म्हणून नोकरदाराला घर व कार्यालय यांतील अंतर कमी करता येत नाही, कारखान्याला भट्टी बदलता येत नाही आणि शेतकऱ्याला पंप बंद ठेवता येत नाही. त्यामुळे थोडीशी टंचाईही भाव मोठ्या प्रमाणात वाढवते. टंचाईच्या भीतीने केलेली साठवणूक यात भर घालते.

निर्यातबंदीचा परिणाम ठरावीक देशांपुरता मर्यादित राहिला नाही. तेल कंपन्यांनी अन्य देशांचे तेल बंदी असलेल्या देशांकडे वळवले आणि टंचाई सर्वत्र वाटली गेली. वाढीव भाव सर्वच आयातदारांना द्यावा लागला.

तात्कालिक परिणाम

अमेरिकेत पेट्रोलपंपांवर लांब रांगा लागल्या. सरकारी दरनियंत्रण व वाटपाच्या नियमांमुळे पेट्रोल गरज असेल तेथे पोहोचत नव्हते, हेही या रांगांचे एक कारण होते. अनेक राज्यांत वाहन क्रमांकाच्या सम-विषम अंकानुसार पेट्रोल दिले जाई. महामार्गांवर ताशी ५५ मैल (सुमारे ८८ किलोमीटर) ही वेगमर्यादा लागू झाली. नेदरलँड्समध्ये ४ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी खासगी मोटारींवर बंदी आली. पश्चिम जर्मनीतही असे रविवार पाळले गेले. जपानमध्ये वस्तू मिळणार नाहीत या अफवेने लोकांनी शौचालयातील कागदाचीही साठवणूक केली. ब्रिटनमध्ये कोळसा खाणकामगारांचा संघर्ष त्याच वेळी पेटल्याने १९७४च्या प्रारंभी उद्योगांची वीज आठवड्यातून तीन दिवसांवर आणली गेली.

भारतावरील परिणाम

भारताचे अरब देशांशी मैत्रीचे संबंध होते व त्याच्यावर बंदी नव्हती. तथापि गरजेच्या सुमारे दोन तृतीयांश तेल आयात होत असल्याने भाववाढीची झळ टळली नाही. १९७२च्या दुष्काळातून देश सावरत असतानाच तेल आयातीचा खर्च वर्षभरात जवळपास दुप्पट झाला. खतेही महागली. नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी व अन्य विरोधी नेते बैलगाडीतून संसदेत आले.

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्रात ‘सागर सम्राट’ या खोदकाम नौकेला तेल सापडले. ‘बॉम्बे हाय’ (आताचे मुंबई हाय) या क्षेत्रातून १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. याच काळात देशातील परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्या अस्तित्वात आल्या.

दीर्घकालीन परिणाम

नोव्हेंबर १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. तिच्या सदस्यांना निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा ठेवावा लागतो. अमेरिकेने १९७५च्या कायद्याने राखीव तेलसाठा उभारला आणि मोटारींसाठी इंधन-कार्यक्षमतेचे निकष ठरवले. फ्रान्सने अणुऊर्जेवर, तर ब्राझीलने उसापासूनच्या इथेनॉलवर भर दिला. १९७९च्या इराणी क्रांतीनंतर दुसरे तेल संकट आले.

भारतात मुंबई हायमुळे १९८०च्या दशकाच्या मध्यास गरजेच्या सुमारे दोन तृतीयांश तेल देशातच मिळू लागले. पुढे वाहने व उद्योग यांची वाढ उत्पादनापेक्षा वेगाने झाली आणि आज चार पंचमांशांहून अधिक खनिज तेल आयात करावे लागते. आयातीवरील अवलंबित्वाच्या दृष्टीने भारताची स्थिती १९७३ पेक्षा अधिक नाजूक आहे. विशाखापट्टणम, मंगळूर व पाडूर येथील भूमिगत राखीव साठे हा पुरवठा खंडित झाल्यास उपयोगी पडणारा तात्पुरता आधार आहे. जागतिक भाववाढीपासून मात्र त्यांमुळे कायमचे संरक्षण मिळत नाही.