खडूने आखलेला अटलांटिक

डिसेंबर १९४१ मध्ये एच.जी. ७६ हा व्यापारी जहाजांचा ताफा जिब्राल्टरहून ब्रिटनकडे निघाला, तेव्हा त्याच्या रक्षणाची जबाबदारी कमांडर जॉनी वॉकर याच्याकडे होती. दोन व्यापारी जहाजे आणि दोन युद्धनौका गेल्या, पण जर्मनांच्या पाच पाणबुड्याही बुडाल्या. त्या काळात हा मोठाच विजय. श्रेयाचा एक वाटा वॉकरच्या ‘बटरकप’ या डावपेचाला मिळाला. जहाजाला टॉर्पेडो लागला की रक्षक नौकांनी ताफ्यापासून बाहेरच्या बाजूला धाव घ्यायची, प्रकाशगोळे उडवायचे आणि पाण्यात बॉम्ब टाकायचे, असा हा डाव होता.

या लढाईचा अहवाल लिव्हरपूलमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्सच्या हाती आला आणि एक गोष्ट त्याला खटकली.

क्षयरोगामुळे १९३८ मध्ये नौदलातून निवृत्त व्हावे लागलेला हा अधिकारी. जानेवारी १९४२ मध्ये त्याला परत बोलावून लिव्हरपूलच्या ‘डर्बी हाउस’ या नौदल मुख्यालयाच्या वरच्या मजल्यावर एक डावपेच-केंद्र काढायला सांगितले. मनुष्यबळ म्हणून मिळाल्या नौदलाच्या महिला शाखेतील तरुणी, म्हणजे ‘रेन’. जीन लेडलॉ हिशेबात पक्की होती. जॅनेट ओकेल जेमतेम विशीतली. समुद्रावरची लढाई यांपैकी कोणीही पाहिलेली नव्हती.

इथे लढाया खेळ म्हणून मांडल्या जात, आणि त्यांचा समुद्र म्हणजे लिनोलियमची जमीन. तिच्यावर चौकटी आखलेल्या. दहा इंच म्हणजे एक सागरी मैल. जहाजांची छोटी प्रतिरूपे मांडलेली. खेळणारे अधिकारी कापडी पडद्यांमागे बसत आणि फटीतून जेवढे दिसेल तेवढ्यावरच निर्णय घेत, कारण रात्रीच्या अटलांटिकवर कप्तानालाही तेवढेच दिसते. दोन मिनिटांची एक खेळी. हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यायचा. रेन तो घेऊन जहाज सरकवत आणि मार्ग खडूने रेखत. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने काढायचा, कारण पडद्यामागून तो रंग डोळ्यांत भरत नसे.

रॉबर्ट्सने अहवालातल्या वेळा आणि जागा या जमिनीवर मांडल्या. सगळ्यांचे गृहीतक असे, की पाणबुडी ताफ्याबाहेर राहून दुरून मारा करते. मग मधल्या रांगांतले जहाज कसे बुडते? हेच त्याला खटकले होते. जमिनीवर डाव पुन्हा पुन्हा मांडल्यावर उत्तर एकच निघाले: पाणबुडी अंधारात पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने ताफ्यात शिरत होती, जवळून मारा करत होती आणि मग बुडी मारून ताफा पुढे निघून जाण्याची वाट पाहत होती. म्हणजे बाहेर धावणाऱ्या रक्षक नौका तिच्यापासून दूरच पळत होत्या. अहवाल लिहिणारे खोटे बोलत नव्हते. त्यांना दिसले तेच त्यांनी लिहिले. पण एका नौकेवरून अख्खी लढाई दिसत नाही, आणि दहा कप्तानांचे अर्धवट दिसणे एकाच जमिनीवर मांडायचे काम त्याआधी कोणी इतक्या चिकाटीने केले नव्हते.

यातून नवा डाव तयार झाला: रक्षक नौकांनी ताफ्याच्या मागे यायचे आणि एका रांगेत ॲस्डिकने, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राने, पाणी धुंडाळायचे. ‘रास्पबेरी’ हे नाव लेडलॉने सुचवले. ताफ्यांच्या रक्षणाची सूत्रे सांभाळणारे सरसेनापती ॲडमिरल पर्सी नोबल आधी साशंक होते, पण खेळ पाहिल्यावर त्यांनी हा डाव रक्षक नौकांना लागू केला. त्यांच्यानंतर आलेले मॅक्स हॉर्टन पहिल्या महायुद्धातले नामांकित पाणबुडी कप्तान. ते पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि ओकेलने त्यांना पाच वेळा बुडवले, असे सांगतात. इतक्या मोठ्या ॲडमिरलला असे बुडवणारी मुलगी नौदलात तेव्हा दुसरी नसावी!

मे १९४३ मध्ये जर्मनांच्या सुमारे चाळीस पाणबुड्या गेल्या आणि जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून उरलेल्या मागे घेतल्या. याचे सारे श्रेय जमिनीवरच्या खेळाला देता येणार नाही. रडार, लांब पल्ल्याची विमाने आणि सांकेतिक संदेशांची फोड यांचा वाटा मोठा होता. पण समोर आलेल्या पाणबुडीचे काय करायचे, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कित्येक जण आधी या पडद्यांमागे बसून हरले होते. सप्टेंबर १९४३ मध्ये आवाजाचा माग काढत येणारा जर्मन टॉर्पेडो आला, तेव्हा त्यावरचा उपायही याच जमिनीवर शोधला गेला.

केंद्र १९४५ मध्ये बंद झाले. तोवर सुमारे पाच हजार अधिकारी तिथे शिकून गेले होते, आणि त्यांच्या चुका खडूने रेखणाऱ्या बहुतेक मुलींनी युद्धनौकेवर कधी पाऊलही ठेवले नव्हते.