नुसते वाचण्याचा अधिकार

युनिक्सने प्रत्येक फाइलीसाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा तीन परवानग्या ठरवल्या, आणि त्यांत वाचणे सर्वांत निरुपद्रवी, ही समजूत रुजली. आज एआय एजंटला सर्व्हरचे लॉग खुले करताना तीच पुढे केली जाते: तो काही बदलणार नाही, मग अडवायचे कशाला? पण गेल्या काही दशकांचा अनुभव सांगतो की वाचणे हीसुद्धा सत्ता आहे, आणि ती लिहिण्याच्या परवानगीइतकीच मोजूनमापून द्यावी लागते.

जुन्या युनिक्समध्ये पासवर्डची फाइल कोणालाही वाचता येई; पासवर्ड सांकेतिक रूपात असल्याने धोका वाटत नसे. 2 नोव्हेंबर 1988 रोजी सुटलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने त्या फाइलीचे एक अक्षरही न बदलता नुसते वाचून, अंदाजाने पासवर्ड ओळखले. पुढे हे सांकेतिक पासवर्ड फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, वाचता येणाऱ्या वेगळ्या फाइलीत ठेवण्याची रीत पडली. लॉगचेही तसेच. घाईत माणसे नावाच्या जागी पासवर्ड टाइप करतात, म्हणून लिनक्सवर यशस्वी लॉगिनची नोंद सहसा सर्वांना दिसते, फसलेल्या प्रयत्नांची मात्र दिसत नाही. मे 2018 मध्ये ट्विटरला आपल्या अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघड्या रूपात साठल्याचे आढळले आणि 33 कोटींहून अधिक वापरकर्त्यांना ते बदलण्याचा सल्ला द्यावा लागला.

लॉगच झाकले तर बिघाड शोधायचा कसा, हा आक्षेप रास्त आहे. 1986 मध्ये क्लिफर्ड स्टोल यांनी बर्कलेच्या प्रयोगशाळेत हिशेबातल्या 75 सेंटच्या तफावतीवरून घुसखोराचा माग काढला, तो नोंदी वाचूनच. पण मर्यादा घालणे म्हणजे दार लावून घेणे नव्हे. कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी 1975 मध्येच मांडले होते. डेबियनमधला ‘एडीएम’ गट त्याच वळणाचा: रूट न होताही लॉग वाचता येतात.

विश्वासू कर्मचारी सगळे लॉग वाचतो, मग एजंटलाच वेगळा नियम का, असेही विचारले जाईल. उत्तर लॉगच्या मजकुरातच आहे. त्यातल्या कित्येक ओळी बाहेरचा माणूस ठरवतो; ब्राउझरने सांगितलेली स्वतःची ओळख सर्व्हर जशीच्या तशी टिपतो. डिसेंबर 2021 च्या लॉगफोरशेल प्रकरणात असाच परका मजकूर नोंदवताना तो हुकूम ठरला आणि सर्व्हर परक्याच्या ताब्यात जाऊ शकले. माणूस ती ओळ मजकूर म्हणून वाचतो; एजंट ती सूचना समजू शकतो. सप्टेंबर 2022 मध्ये सायमन विलिसन यांनी या प्रकाराला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिले. अशा एजंटच्या हाती लॉगसोबत बाहेर निरोप धाडण्याचे दुसरे साधन असेल, तर नुसत्या वाचनातून गुपित बाहेर जाते. एजंटला साधने जोडून देण्यासाठी नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये पुढे साधनावर ‘फक्त वाचन’ अशी खूण करण्याची सोय झाली, पण ती साधनाने स्वतःविषयी दिलेली ग्वाही आहे, कुलूप नव्हे. कुलूप ऑपरेटिंग सिस्टीमनेच घालावे: एजंटचे वेगळे खाते, ठरावीक फाइली, ठरावीक काळ, गुपिते आधीच खोडलेली, बाहेरची वाट बंद. आणि एजंटने काय वाचले याची नोंद त्याच्या हाताबाहेर राहावी. स्टोल यांनी घुसखोराची प्रत्येक कळ वेगळ्या प्रिंटरवर कागदावर उतरवली होती; संगणकावर ताबा मिळवूनही त्याला तो कागद पुसता आला नाही.