सरकीवरचा वारसा

जालना जिल्ह्यात कापसाची ओळख सांगायला आजही दोन शब्द पुरतात : देशी आणि अमेरिकन. देशी म्हणजे आपला, काटक, आखूड धाग्याचा. अमेरिकन म्हणजे परका, पण लांब धाग्यामुळे बाजारात मान असलेला. ही विभागणी कितपत खरी, याचा मागोवा घेताना मी शेतीच्या इतिहासाकडून वनस्पतिशास्त्राकडे ओढला गेलो.

१८४०च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकन मळेवाले आणून मुंबई इलाख्यात त्यांच्याकडचे बी पेरून पाहिले. ते धारवाडकडे रुजले. त्याच दशकात, १८४३मध्ये, लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी अवयवांबाबत एक भेद पक्का केला. काम वेगळे पण मूळ अवयव तोच, तर ते समजात. काम सारखे पण घडण वेगळी, तर ते समवृत्ती. माणसाचा हात, बैलाचा पुढचा पाय आणि वटवाघळाचा पंख यांत हाडांची मांडणी एकच आहे. फुलपाखराच्या पंखात हाडच नाही. ओवेन यांना या साम्यामागे एक आदर्श आराखडा दिसला. १८५९मध्ये डार्विन यांनी आराखड्याच्या जागी पूर्वज बसवला.

हीच कसोटी आपल्या बांधावर लावून पाहू. काटेसावरीचे बोंड फुटले की पांढरे तंतू उडतात. आजच्या वर्गीकरणात सावर कापसाच्याच कुळातली. पण तिचे तंतू फळाच्या आतल्या भिंतीवर येतात. मारुतीला जिची पाने वाहतात त्या रुईच्या बियांना टोकाशी झुपका असतो. तिचे कुळच निराळे. कापसाचा प्रत्येक धागा मात्र सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. तिन्ही दिसायला सारखे, वारसा तीन ठिकाणचा. उलट भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि कापूस यांच्या फुलांत पुंकेसर जुळून जी नळी होते, ती एकाच पूर्वजाची खूण आहे.

मग देशी आणि अमेरिकन धाग्याचे नाते कोणते? देशीत गुणसूत्रे २६, अमेरिकनात ५२. त्यामुळे त्यांचा संकर लागलाच तरी संतती बहुधा वांझ निघते. १९३४मध्ये स्कोव्हस्टेड यांनी दाखवले की या ५२पैकी २६ मोठी गुणसूत्रे देशी कापसाच्या गुणसूत्रांशी जुळतात आणि २६ लहान गुणसूत्रे अमेरिकेतल्या रानकापसाशी. १९४०मध्ये बीस्ली यांनी देशी कापूस आणि अमेरिकन रानकापूस यांच्या संकराची गुणसूत्रे दुप्पट केली. त्या झाडाचा अमेरिकन कापसाशी संकर फळला. सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या कापसाचे बी महासागर ओलांडून गेले आणि तिथल्या रानकापसाशी त्याचा संकर झाला, असे आज मानतात. देशी कापूस हा अमेरिकन कापसाचा बाप नव्हे. पण दोघांच्या घराण्यात एक पूर्वज सामाईक आहे. विशेष म्हणजे त्या रानकापसाच्या बियांवर कातता येईल असा धागा नसतो. अमेरिकन कापसाच्या धाग्याचे मूळ जुन्या जगातल्या घराण्यात आहे. पुढे तो लांब केला तो मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून.

जालन्याला या कथेत बाजूला राहता येत नाही. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली. १९७०मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला. त्याचे दोन्ही पालक अमेरिकन होते. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तीही प्रथम महिकोच्या वाणांना. उत्पन्नाचा आणि बाजाराचा हिशेब शेतकऱ्याने केला, तो चूक म्हणता येणार नाही. पण त्या हिशेबात देशी कापूस शिवारातून जवळजवळ उठला.

तो केवळ आठवणीसाठी राखावा, असे मला वाटत नाही. पावसाचा ताण आणि रसशोषक किडी सोसण्याची ताकद देशी कापसात आहे, आणि नाते असल्यामुळेच ते गुण अवघड संकरातून का होईना अमेरिकन वाणांत नेता येतात. परक्याला देता येत नाही ते भाऊबंदाला देता येते. मात्र त्यासाठी भाऊबंद जिवंत हवा. आणि कापसाचे बी शीतगृहाइतकेच शेतातही जगावे लागते.