निबंध कुणाच्या खात्यावर? विद्यापीठांच्या क्रमवारीमागचा इतिहास

आजच्या विषयाला एका यादीपासून सुरुवात करू या.

४ एप्रिल २०१६ ला केंद्र सरकारने देशातल्या विद्यापीठांची पहिली अधिकृत क्रमवारी जाहीर केली. एनआयआरएफ म्हणतात ती हीच. पहिल्या क्रमांकावर बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दुसऱ्यावर आपल्या माटुंग्याची आयसीटी, तिसऱ्यावर जेएनयू. शंभरातले तीस गुण संशोधनाला. त्यातला मोठा भाग निबंध किती छापले आणि इतरांनी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले, याचा. ही मोजणी स्कोपस, वेब ऑफ सायन्स अशा डेटाबेसवरून होते. तेव्हापासून दरवर्षी यादी लागली की ओरड ठरलेली: आमची जुनी विद्यापीठं मागे का? प्राध्यापक लिहीत नाहीत म्हणून, हे उत्तरही ठरलेलं. मला ते अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं उत्तर जुन्या कागदांत आहे.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या. शिकवायचं ते कॉलेजांनी. संशोधन हे विद्यापीठाचं काम आहे, असं कुणी म्हटलेलंच नव्हतं. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायची मोकळीक मिळाली. तरी मुंबईत पॅट्रिक गेडिस यांचा समाजशास्त्र विभाग सुरू व्हायला १९१९ उजाडलं. म्हणजे स्थापनेनंतर ६२ वर्षं!

कलकत्त्याला आशुतोष मुखर्जींनी जोर लावला. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या वकिलांच्या देणग्यांतून १९१४ मध्ये सायन्स कॉलेज उभं राहिलं. सी. व्ही. रामन १९१७ मध्ये तिथे पालित प्राध्यापक झाले. पण गंमत बघा, १९२८ चा तो प्रसिद्ध प्रयोग झाला बहूबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत. पगार विद्यापीठाचा, प्रयोगशाळा दुसऱ्याची. आजच्या हिशेबनिसाला विचारा, हा शोध कुणाच्या खात्यावर मांडणार?

खरी फाटाफूट पुढे झाली. १९४२ मध्ये सीएसआयआर, १९४५ मध्ये टीआयएफआर, १९५० च्या जानेवारीत पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. नव्या देशाने विज्ञानाचा पैसा प्रामुख्याने स्वतंत्र संस्थांत ओतला. अणुसंशोधन विद्यापीठांतूनच वाढवावं असं मेघनाद साहा सांगत होते, त्यांचं चाललं नाही. होमी भाभांची बाजू अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. विद्यापीठांच्या समित्यांतून यंत्रसामग्री मंजूर करून घेणं काय असतं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. पण परिणाम काय झाला? रासायनिक प्रयोगशाळेत काम करणारी मुलं पीएचडी पुणे विद्यापीठाची घेत, टीआयएफआरची मुलं बराच काळ मुंबई विद्यापीठाची. पदवीवर शिक्का विद्यापीठाचा, निबंधावर पत्ता पाषाणचा किंवा कुलाब्याचा. आणि मोजणारा पत्ताच बघतो.

आता त्या दुसऱ्या क्रमांकाकडे परत येऊ. आयसीटी म्हणजे कोण? १९३३ मध्ये सुरू झालेला मुंबई विद्यापीठाचाच रासायनिक तंत्रज्ञान विभाग, आपली यूडीसीटी. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती वेगळी झाली. माटुंग्याची जागा तीच, परंपरा तीच. फक्त खातं बदललं. वेगळी झाली नसती तर ते सगळे निबंध मुंबई विद्यापीठाच्या नावावर पडले असते, आणि आयसीटी हे नाव यादीत दिसलंच नसतं. वेगळं होऊन तिला मोकळीक मिळाली, हेही खरं आहे. मुद्दा एवढाच की घराची वाटणी झाल्यावर थोरल्याचं उत्पन्न घटलं, म्हणून तो आळशी झाला असं म्हणू नये.

इतकं असूनही निबंधांचा आकडा प्राध्यापकांच्या मानेवर बसला. २०१० पासून यूजीसीच्या एपीआय नियमांनी बढतीला निबंधांचे गुण जोडले. कॉलेजात आठवड्याला भरपूर तास घेणाऱ्या, प्रयोगशाळा नसलेल्या माणसाने काय करावं? पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं उगवली. यूजीसीने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तीही पोखरलेली निघाली. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये तपासणी छापली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या आणि इतर कुठे नोंद नसलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट असू शकतात, असं तिच्यात दिसलं. मग यूजीसी-केअर यादी आली, तिचं काम पुण्यातच चालायचं. २०२५ मध्ये तीही बंद केली.

त्याच २०२५ च्या क्रमवारीत, मागे घ्याव्या लागलेल्या निबंधांसाठी पहिल्यांदा गुण कापले गेले. म्हणजे नऊ वर्षं छापलेलंच मोजलं, परत घेतलेलं त्यानंतर मोजायला लागलो. या कापलेल्या गुणांबद्दल आधीच काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांच्यापासूनच प्रश्नोत्तरं सुरू करू.