दख्खनमधील मत्स्यसंशोधन

दख्खनमधील मत्स्यसंशोधन : भीमा, कृष्णा आणि त्यांच्या उपनद्यांमधील गोड्या पाण्यातल्या माशांची शरीररचना, वर्तन व जातिवैविध्य यांचा शास्त्रीय अभ्यास. गंगेच्या खोऱ्यातील माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा ग्रंथ १८२२ मध्ये निघाला. त्यानंतर काही वर्षांतच दख्खनच्या माशांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले.

या अभ्यासाचा पाया विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी घातला. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी होते आणि १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करत होते. गावे, पिके, हवामान यांच्या नोंदी घेता घेता त्यांनी पक्षी आणि मासेही टिपले. लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेच्या नियतकालिकांत १८३९ ते १८४१ या काळात त्यांचे माशांवरील लेखन प्रसिद्ध झाले आणि अनेक जाती विज्ञानाला प्रथमच कळल्या. पुष्कळ जातींना त्यांनी नदीकाठी ऐकलेलीच नावे दिली. त्यामुळे घोगरा, शिंगाळा, नुकटा ही नावे आजही शास्त्रीय नामावलीत आहेत. साइक्स यांनी ताजे मासे पाहून वर्णने लिहिली आणि चित्रे दिली. मात्र त्यांच्या बहुतेक जातींचे प्रमाण-नमुने, म्हणजे ज्या माशावरून जातीचे वर्णन केले तो जपून ठेवलेला मासा, आज उपलब्ध नाहीत. या उणिवेची किंमत पुढे मोठी पडली.

फ्रान्सिस डे यांच्या ‘द फिशेस ऑफ इंडिया’ (१८७५–७८) या ग्रंथाने देशभरातील माहिती एका जागी आणली. पश्चिम घाटातील छोट्या ओढ्यांकडे लक्ष वळवले ते भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी. पुणे व सातारा जिल्ह्यांतील माशांवर त्यांनी १९१९ मध्ये लिहिले.

त्यांच्यानंतर सुंदरलाल होरा (१८९६–१९५५) यांनी शरीररचनेच्या अभ्यासाला वेगळे वळण दिले. धबधब्याखाली, खडकाळ धारेत राहणारा मासा वाहून का जात नाही, हा त्यांचा प्रश्न होता. अशा माशांचे पोट सपाट असते, जोडीचे पर आडवे पसरलेले असतात आणि काहींच्या छातीवर कातडीच्या घड्यांची पकड तयार झालेली असते. होरा यांनी १९३८ मध्ये पुण्याजवळच्या माशावरून वर्णन केलेल्या ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस या जातीच्या छातीवर ही पकड दिसते. पूर्व हिमालयातील आणि मलाया भागातील माशांशी नाते सांगणारे मासे सह्याद्रीत कसे आले, याचे उत्तर म्हणून त्यांनी ‘सातपुडा सिद्धांत’ मांडला : विंध्य-सातपुड्याच्या रांगांवरून हे मासे पश्चिमेकडे सरकले. या सिद्धांतावर वाद झाले आणि डीएनएच्या अभ्यासानंतरही ते मिटलेले नाहीत. तरीही एका माशाच्या छातीवरील घड्यांपासून उपखंडाच्या भूरचनेपर्यंत जाणारी ही विचारसरणी भारतीय प्राणिविज्ञानातील मोठी कामगिरी आहे.

महाराष्ट्रात या परंपरेचे सर्वांत समर्थ वारसदार सी. व्ही. कुलकर्णी होत. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील खाड्यांतून त्यांनी १९४० मध्ये एका चिमुकल्या, जवळजवळ पारदर्शक माशाचे वर्णन केले आणि होरा यांच्या नावावरून त्याच्या प्रजातीला होराइक्थिस हे नाव दिले. या माशाच्या नराच्या गुदपराचा पुढचा भाग लांब अवयवात बदललेला असतो. त्याच्या साहाय्याने तो शुक्राणूंची पुडी मादीच्या जननछिद्राजवळ रुतवतो. मादीच्या श्रोणिपरांच्या जोडीपैकी एक पर नसतोच. शरीराच्या दोन्ही बाजू सारख्या असण्याचा नियम इथे प्रजननाच्या गरजेपुढे मोडला आहे. रचना आणि वर्तन वेगवेगळे अभ्यासता येत नाहीत, हे यातून स्पष्ट होते. १९५२ मध्ये कुलकर्णी यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतील ‘खवलचोर’ या माशाचे वर्णन केले. तो इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. जगात असे मासे फार थोडे आहेत. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातल्या खवलेखाऊ माशांवर विपुल लिहिले गेले. पंचगंगेतील या माशाचे वर्तन, दात आणि पचन यांचा एकत्रित अभ्यास मात्र पुण्यातील संशोधकांनी अलीकडच्या दशकात केला.

पुण्याच्या नद्यांचे एक वैशिष्ट्य असे की तिथल्या माशांच्या याद्या पुन्हा पुन्हा झाल्या : फ्रेझर (१९४२), तोणपी व मुळहेरकर (१९६३), वाघ व घाटे (२००३), खरात, डहाणूकर व सहकारी (२००३). या याद्या शेजारी ठेवल्या की मुळा-मुठेतून काय गेले हे कळते. सांडपाणी, धरणे, आणि बाहेरून आलेले तिलापिया, गॅम्बुझिया व आफ्रिकी मांगूर ही त्याची ठळक कारणे आहेत. जुनी यादी नसती तर हा ऱ्हास मोजताच आला नसता. दुसरीकडे नव्या जातीही सापडत आहेत. आंबोली येथील महादेव मंदिराच्या कुंडातून २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही जात नोंदली गेली आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली.

साइक्स यांच्या हरवलेल्या नमुन्यांचा परिणाम महाशीर माशाच्या बाबतीत सर्वांत गंभीर ठरला. पुण्याच्या मुळा-मुठेतील महाशीराला त्यांनी ‘खुद्री’ आणि शिरूरजवळच्या घोड नदीतील दुसऱ्या एका माशाला ‘मुसल्लाह’ ही जातिनामे दिली. नमुना नसल्याने कावेरीतील ५० किलोंहून अधिक वाढणारा, पाठीला उंचवटा असलेला महाशीर अनेक वर्षे ‘मुसल्लाह’ याच नावाने ओळखला गेला. दरम्यान खुद्रीच्या प्रजननावर कुलकर्णी यांनी मूलभूत काम केले आणि लोणावळ्याजवळ वळवण येथील केंद्रात त्याचे बीज तयार होऊ लागले. नामशेष होण्याच्या वाटेवरचा मासा वाचवण्यासाठी हे मोलाचे काम होते. पण त्यातली बोटुकली कावेरीतही सोडली गेली. हा परका महाशीर तिथे फोफावला आणि मूळचा मासा मागे रेटला गेला, असे अभ्यासकांचे मत आहे. घोड नदीचा मुसल्लाह हा महाशीर नव्हेच, हे पुढे त्याच भागातील मासे तपासल्यावर ठरले. कावेरीच्या महाशीराची ओळख टॉर रेमादेवी अशी २०१८ मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरवला गेला. कोणत्याही नदीत मत्स्यबीज सोडण्याआधी त्या नदीतील मूळ जातींची नमुन्यांसह नोंद होणे बंधनकारक असले पाहिजे.